यादीत नसलेली सुकेळी

तुमची मूत्रपिंडे थकली असून यापुढे आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यावे लागेल, असे ज्यांना याच आठवड्यात किंवा याच महिन्यात पहिल्यांदा सांगण्यात आले आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. वैद्यकीय माहिती यात फारशी मिळणार नाही. ती डॉक्टरांना विचारावी, आणि विचारताना माझ्यासारखा आवाज चढवू नये.

माझे वय एकाहत्तर. राहणार भुईगाव, वसई. सबंध नोकरी मी दिवाणी न्यायालयात केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कागद बारकाईने वाचण्याची आणि त्याहून बारकाईने लिहिण्याची सवय मला तिथे लागली. निवृत्तीनंतर गटार तुंबले, पथदिवा बंद पडला, चर्चच्या पटांगणात कुणी गाडी आडवी लावली, तरी मी पत्र लिहीत असे. ती पत्रे रागाच्या भरात लिहिलेली असत, आणि पुष्कळदा तो राग रास्तही असे. हे आधीच नमूद करतो, कारण पुढे जे घडले त्यात माझा आजार आणि माझा राग यांची फारकत करता येत नाही.

निदानाचा दिवस

एका रविवारी मिस्साला निघताना माझे पाय बुटांत जाईनात. त्याआधी बारा वर्षे मला रक्तदाबाचा विकार होता. गोळ्या घ्या आणि डोके शांत ठेवा, असे डॉक्टर सांगत. यातील पहिली गोष्ट मी आठवण झाली तर करीत असे. दुसरी गोष्ट सांगण्याचा त्यांना अधिकार नाही, असे माझे मत होते.

मूत्रपिंडाचे डॉक्टर माझ्या मुलाहून वयाने लहान निघाले. त्यांनी अहवाल माझ्यासमोर ठेवला आणि सांगितले, “काका, दोन्ही मूत्रपिंडं जवळपास बंद पडली आहेत.”

“हा निष्कर्ष कशाच्या आधारे?” मी विचारले.

“तुमच्या रक्ताच्या.”

“ज्या यंत्रावर रक्त तपासले ते प्रमाणित आहे का?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दुसरीकडे तपासून घ्या, काका. जरूर घ्या. फक्त चार दिवसांत घ्या.”

माझी पत्नी सिसिलिया शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने एकच विचारले, “डॉक्टर, यांना भात चालेल का?” मला तिचा संताप आला. इतक्या गंभीर प्रसंगी भात! आज वाटते, त्या खोलीत आम्हा दोघांपैकी कामाचा प्रश्न तिनेच विचारला होता. मी यंत्राशी भांडत होतो आणि ती उद्याच्या स्वयंपाकाला लागली होती.

घरी आल्यावर मी प्रयोगशाळेला दोन पानी पत्र लिहिले. दुसरीकडच्या तपासणीचा अहवाल पहिल्याहून वाईट आला. प्रयोगशाळेने माझ्या पत्राला उत्तर दिले नाही. तो त्यांचा मोठेपणा समजतो.

एक लिटर

आमच्या भागातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मला मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे दिवस मिळाले. सुई, यंत्र, चार तास एका खाटेवर पडून राहणे, या सगळ्याची भीती वाटते. पण पंधरवड्यात ती ओसरते, हे नव्या रुग्णांनी लक्षात ठेवावे. ओसरत नाही ती तहान. शरीरातले पाणी बाहेर जायला मार्ग नसतो, म्हणून दिवसाला एक लिटरच प्यायचे. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळे त्या एका लिटरात.

सिसिलिया सकाळी एक बाटली भरून माझ्यासमोर ठेवी. दुपारी बारालाच ती निम्म्याहून खाली आलेली असे. मी एक युक्ती काढली: जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा ‘नमो मारिया’, म्हणायचे, मग एक घोट घ्यायचा. सहनशीलता आणि आत्मसंयम ही पवित्र आत्म्याची फळे आहेत, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेले होते. आता ती पिकवायची, असा माझा निर्धार. पाचव्या दिवशी लक्षात आले की मी ‘नमो मारिया’ धावत म्हणतो आहे. घोट लवकर मिळावा म्हणून. प्रार्थनेतही मी रांग मोडत होतो.

याच दिवसांतली एक गोष्ट लिहायला जड जाते. माझी नात इवा आठ वर्षांची आहे. ती एका दुपारी खेळून आली आणि माझ्यासमोरच माठातले पाणी गटागटा प्यायली. त्या आवाजाने माझे भान गेले. “पाणी प्यायचे तर दुसरीकडे जाऊन पी!” मी इतक्या मोठ्याने ओरडलो की तिच्या हातातला पेला खाली पडला.

तीन-चार दिवसांनी सिसिलिया पीठ चाळताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोर शेजारी जाऊन पाणी पिते हल्ली. घरात माठ भरलेला असून.”

माफी मागणे मला त्या काळी जमत नव्हते. मी माझी खुर्ची उचलून ओटीवर नेली आणि माठाकडे पाठ करून बसू लागलो. दोन दिवसांनी पोरगी पुन्हा घरात पाणी पिऊ लागली. मला मात्र तिने अजून काही दिवस दुरूनच “पपा” म्हटले; आमच्या घरी आजोबांना पपा म्हणतात.

शेजारची खाट

विभागात माझ्या शेजारच्या खाटेवर गास गावचे गोपाळराव असत. जातिवंत बागायतदार. मोगरा आणि भाजी हे त्यांचे आयुष्य. माझ्याआधी चार वर्षे ते या यंत्रावर होते आणि त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखले.

“काय शिरस्तेदार, आज कोणावर समन्स?” मी आत शिरलो की ते विचारीत. मी उशिराबद्दल कुरकुर केली की म्हणत, “चार तास म्हणजे चार तास. ओरडून साडेतीन होत नाहीत. मी ओरडून बघितलंय.”

आम्हाला यंत्र लावणारी तंत्रज्ञ होती मनीषा. विरार पूर्वेला चंदनसारहून येई. घरी आई आणि ती. बोलणे मुंबईकडचे, हात मात्र अत्यंत हलका. माझ्या डाव्या हाताच्या शिरेत सुई घालताना म्हणे, “अंकल, मूठ सोडा ना. तुम्हाला बघून नससुद्धा पळते.”

माझा उजवा हात मोकळा असे. त्या हाताने मी एका वहीत वेळा टिपत असे: यंत्र केव्हा सुरू झाले, परिचारिका केव्हा आली, पंखा किती वेळ बंद होता. मनीषाला हे माहीत होते. “अकरा मिनिटं लेट, अंकल. लिहिलं का?” असे ती हसत विचारी. मी खरोखर लिहिलेले असे. एकदा मी त्यावर लेखी तक्रारही केली होती. तिला समज देण्यात आली, आणि तरीही तिचा हात हलकाच राहिला.

उपवास

राखेचा बुधवार आला, म्हणजे ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या सणाआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मी वेदीपासून मागे फिरलो तो एक निश्चय करूनच. धर्मसभेच्या नियमाप्रमाणे माझ्या वयाला उपवासाचे बंधन नाही, आणि आजाऱ्याला तर कोणत्याच वयात नाही. नियम मला पाठ होता. पण सवलत घेणे मला कमीपणाचे वाटले. सबंध आयुष्यात प्रायश्चित्तकाळ मोडला नाही, तो आता यंत्राच्या धाकाने मोडायचा?

मी दुपारचे जेवण सोडले. त्याऐवजी सुकेळी. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: राजेळी केळी पिकल्यावर सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुकलेल्या पानात बांधतात. मधासारखी गोड लागतात, चार खाल्ली की पोटाला आधार होतो. आगाशीच्या मेहुणीने नेहमीप्रमाणे दोन पुड्या पाठवल्या होत्या.

रुग्णालयाने आम्हाला वर्ज्य पदार्थांची छापील यादी दिलेली होती; तीच विभागाच्या भिंतीवरही लावलेली होती. पोटॅशियम ज्यात जास्त ते सगळे निषिद्ध: केळी, शहाळे, संत्री, टोमॅटो, बटाटा आणि असेच काही. ते रक्तात साठले की हृदय अडखळते, इतके मला समजावून सांगितलेले होते.

सिसिलियाने पुडी पाहिली आणि म्हणाली, “अहो, यादीत केळी आहे ना?”

“केळी आहे. सुकेळी नाही.”

“ती काय आंब्याची करतात?”

“यादी करणाऱ्याने विचार करून यादी केली असेल,” मी म्हणालो. “जे नमूद नाही ते निषिद्ध नाही.”

न्यायालयात अशी वाक्ये मी हजारदा ऐकली होती. ती म्हणणाऱ्या माणसाला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असते, हेही मला माहीत होते. पुडी मी ओटीवर नेली. प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारच्या डायलिसिसनंतर मंगळवारपर्यंत, मी दोन्ही पुड्या संपवल्या. आपण देवासाठी काहीतरी सोसतो आहोत, या भावनेत मी इतका तृप्त होतो की त्या तीन दिवसांत मला तहानही कमी लागल्यासारखी वाटली.

मंगळवार

मंगळवारी सकाळी पाय उचलेनात. मी ते कोणाला सांगितले नाही. विभागात वजनकाट्यावर चढताना मनीषाने माझे कोपर धरले.

“अंकल, पाय का ओढताय? काय खाल्लंत दोन दिवस? केळं, शहाळं, काही?”

“तुमच्या यादीतील एकही पदार्थ मी खाल्लेला नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“मी जे सांगितले ते लिहा.”

तिने लिहिले. मी खाटेवर आडवा झालो. तिने सुई घातली, नळ्या जोडल्या आणि पलीकडच्या खाटेवर कुणीतरी हाक मारली म्हणून वळली. छताचा पंखा माझ्या डोळ्यांसमोर लांब लांब जात राहिला. त्यानंतरचे मला काही आठवत नाही.

शुद्ध आली ती अतिदक्षता विभागात. घशात नळी, आणि छातीच्या डाव्या बाजूला श्वासागणिक सुरी फिरल्यासारखे दुखणे. सिसिलियाच्या हातात जपमाळ होती. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “फादर येऊन अभ्यंग देऊन गेले.” हा संस्कार मरणोन्मुख आजाऱ्याला देतात. मला तेव्हा कळले की मी कुठवर जाऊन आलो होतो.

तक्रार अर्ज

जिवावरचे संकट टळले की माणूस कृतज्ञ होतो, असे म्हणतात. मी संतापलो. नळी निघताच मी कागद मागवला.

डॉक्टर विचारायला आले होते, “काका, पोटॅशियम इतकं चढलं कसं? काही खाण्यात आलं होतं का?”

“नोंद पाहा,” मी म्हणालो. “माझे म्हणणे तिथे लिहिलेले आहे.”

नोंद स्पष्ट होती. मग डॉक्टरांसमोर एवढीच शक्यता उरली की शनिवारचे डायलिसिस नीट झाले नसावे, किंवा यंत्राला द्रावण चुकीचे लावले गेले असावे. दोन्ही कामे मनीषाची. मी माझ्या अर्जात तेच पाच मुद्द्यांत मांडले. मुद्दा क्रमांक तीन: रुग्ण बेशुद्ध होत असताना तंत्रज्ञ दुसऱ्या खाटेकडे होती. मुद्दा क्रमांक चार: रुग्णाच्या छातीस डाव्या बाजूस इजा झाली असून तिचे कारण रुग्णास सांगण्यात आलेले नाही. अर्ज विश्वस्तांच्या नावे, प्रत आरोग्य अधिकाऱ्यांस.

त्या अर्जातील भाषा निर्दोष होती. इतका चांगला अर्ज मी नोकरीतही लिहिला नव्हता.

गोपाळराव गप्प

दहा दिवसांनी मी विभागात परतलो. सुई घालायला अनोळखी माणूस आला. त्याला शीर सापडेना. तिसऱ्या प्रयत्नात सापडली. गोपाळराव छताकडे बघत होते. समन्सचा विषय निघाला नाही.

“आज मनीषा नाही?” मी विचारले.

“तुम्हाला ठाऊक नाही?” ते म्हणाले. “चौकशी बसलीये. कामावर यायचं नाही सांगितलंय तिला. ठपका आला तर दुसरीकडे कुठं कोण ठेवणार? रुग्णाला मारायला निघालेली पोरगी म्हणतील.”

“चौकशी रीतसर होईल.”

गोपाळरावांनी तोंड माझ्याकडे फिरवले. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना रागावलेले पाहिले.

“शिरस्तेदार, तुमची छाती दुखते ना? का दुखते ते मी सांगतो. तुमचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर. ती पोरगी पलीकडून धावत आली, स्टुलावर चढली आणि दोन्ही हात रोवून तुमची छाती दाबत राहिली. घामाने निथळत होती. मी इथून बघत होतो, मला उठता येत नव्हतं. ‘अंकल, जाऊ नका, अंकल, जाऊ नका’ असं ओरडत होती. डॉक्टर येईपर्यंत थांबली नाही. आणि तुम्ही त्याचा मुद्दा केलात.”

चार तास मी त्या खाटेवर पडून होतो. उठून जाता येत नव्हते. या यंत्राचा हा एक गुण आहे: ऐकलेल्या गोष्टीपासून ते माणसाला पळू देत नाही.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. सिसिलिया समोर येऊन बसली. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिने मला जाब असा कधी विचारला नव्हता.

“त्या मुलीला सुकेळ्यांचं सांगितलंत का?”

“तिने सुकेळ्यांबद्दल विचारले नाही.”

“आणि डॉक्टरांना?”

मी न जेवलेले ताट बाजूला सारले.

“मी तेव्हाच सांगायला हवं होतं त्यांना,” ती म्हणाली. “तुमची भीती वाटली. तुम्ही मरत होतात तेव्हाही तुमच्या रागाची भीती वाटली मला.” आणि ती पदराने डोळे पुसत आत गेली.

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. मी स्वतःला अन्यायाविरुद्ध उभा राहणारा माणूस समजत होतो. माझ्याच घरात, माझ्या मरणाच्या दारात, एक बाई खरे बोलायला घाबरली होती.

पापनिवेदन

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आमच्या चर्चमध्ये पापनिवेदनाला रांग असते. शनिवार माझ्या डायलिसिसचा वार असल्याने मी शुक्रवारीच फादरांकडे गेलो. आमचे फादर तरुण आहेत. त्यांनाही मी मागे एकदा ध्वनिक्षेपकाविषयी दोन पत्रे लिहिली होती.

मी सारे सांगितले. सांगताना माझी सवय सुटत नव्हती. “फादर, हेही लक्षात घ्यावे की यादी सदोष होती. वसईत रुग्णालय चालवायचे आणि यादीत सुकेळी नाहीत...”

“यादीचं नंतर बघू,” ते शांतपणे म्हणाले. “त्या तंत्रज्ञ बाईंनी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्हाला सुकेळी आठवत होती की नव्हती?”

न्यायालयात इतका सरळ प्रश्न मी फार थोड्या वकिलांच्या तोंडी ऐकला.

“आठवत होती.”

मग ते म्हणाले, “देव क्षमा करतोच. पण दुसऱ्याचं नुकसान आपल्या हातून झालं असेल तर ते भरून द्यावं लागतं. ते तुमच्या हातात आहे. आणि काका, उपवास करायचाच आहे ना? मग जेवण सोडू नका. डॉक्टर देतील ते मुकाट खा. तुमच्यासाठी तोच कडक उपवास होईल.”

मला राग आला. तो गिळला. एक लिटरच्या बाटलीवर ज्याचा सराव केला होता, तो पहिल्यांदा कामी आला.

पत्र

पत्र लिहायला मला कधी तासाहून जास्त वेळ लागला नव्हता. या एका पानाला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी लिहिले: सुकेळी खाल्ली, परंतु यादीत त्यांचा उल्लेख नव्हता. दुसऱ्यात लिहिले: मी माहिती दिली नाही, तथापि धार्मिक उपवासामुळे माझी मनःस्थिती वेगळी होती. तिसऱ्यात माझे वय आणि आजार आले. प्रत्येक वेळी कागद सिसिलियापुढे ठेवला. ती शाळा सातवीपर्यंत शिकली आहे. प्रत्येक वेळी तिने ‘परंतु’पाशी बोट ठेवले आणि कागद मला परत दिला.

एक भीती होती, ती लपवत नाही. खोटी माहिती देऊन कर्मचाऱ्यावर आळ घेणाऱ्या रुग्णाची जागा रुग्णालय रद्द करू शकते. विभागाच्या बाहेर माझ्या जागेसाठी थांबलेली माणसे मी दर खेपेला पाहत होतो. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत किती दिवस जातील आणि त्या दिवसांत माझे रक्त काय करेल, हे मला आता चांगले ठाऊक होते.

चौथे पत्र सात ओळींचे झाले. मी सुकेळी खाल्ली. ती केळ्यांचीच असतात हे मला माहीत होते. तंत्रज्ञाने विचारले असता मी ते जाणूनबुजून लपवले. डॉक्टरांनी विचारले असताही लपवले. माझ्या अर्जातील पाचही मुद्दे मी मागे घेतो. छातीची इजा माझा जीव वाचवताना झाली. मनीषा यांचा यात कोणताही दोष नाही.

अर्ज मागे घेतल्याने चौकशी आपोआप थांबत नाही, हे मला माहीत होते. म्हणून पवित्र आठवड्याच्या बुधवारी मी समितीपुढे स्वतः हजर राहिलो. तिघे होते. त्यांतील एक विश्वस्त म्हणाले, “काका, हे तोंडी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. लेखी कशाला?”

“तक्रार लेखी होती,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचले. ते माझ्यावर ओरडतील अशी माझी अपेक्षा होती, आणि तसे झाले असते तर मला सोपे गेले असते. ते इतकेच म्हणाले, “जवळपास तीन आठवडे ती मुलगी घरी बसली आहे, काका. मी तिच्याकडे संशयाने बघितलं. मलाही तिला तोंड दाखवायचं आहे.” मला लेखी ताकीद मिळाली. जागा राहिली. भिंतीवरच्या यादीत दुसऱ्या दिवशी कुणीतरी निळ्या शाईने शेवटची ओळ वाढवली होती.

त्यानंतर

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या मंगळवारी मनीषा कामावर आली. बारीक झाली होती. ती माझ्या खाटेशी आली, तेव्हा मी तयार करून ठेवलेले वाक्य बोलू लागलो, “मनीषा, मी तुझी...”

“आज नको, अंकल,” ती म्हणाली. “सुई घालायचीय मला. हात हलेल.”

तिने सुई घातली. हात हलला नाही. गुरुवारीही मी प्रयत्न केला. तिने ट्रे खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे पाहिले. “अंकल, आई महिनाभर मला विचारत होती, खरं सांग, काय केलंस? माझी आई. तुम्ही सॉरी म्हणणार, मी इट्स ओके म्हणणार, आणि तुम्हाला बरं वाटणार. मला अजून बरं वाटत नाहीये. थांबा थोडं.”

मी थांबलो. ज्यांना या आजारात धीर कसा धरावा असे वाटते, त्यांना मी एवढेच सांगू शकतो की तहान सोसणे हा त्यातला सोपा भाग आहे. आपल्याला क्षमा हवी आहे आणि ती देणाऱ्याने अजून वेळ मागितला आहे, तेव्हा खाटेवर निमूट पडून राहणे मला सर्वांत कठीण गेले. मी रोज तिच्यासाठी जपमाळेचे एक दशक म्हणतो. घोट त्याला जोडलेला नाही. राग गेलेला नाही. परवाच आमच्या गल्लीतल्या खोदकामावर मी एक पत्र लिहिले आहे. पण आता लिहिलेला कागद एक रात्र घरात ठेवतो आणि सकाळी सिसिलियाला वाचायला देतो. बरेचसे कागद तिथेच संपतात.

मनीषा मला दर खेपेला विचारते, “काय खाल्लं?” मी सगळे सांगतो: किती भाकरी, किती भात, कोणता मासा, किती पाणी. ती लिहून घेते. जास्त बोलत नाही. असे तीन महिने गेले.

गेल्या शनिवारी यंत्र थांबले. सुई काढल्यावर त्या जागी कापसाची घडी ठेवून दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे लागते, नाहीतर रक्त वाहते. ते ज्याचे त्याने करायचे असते. तंत्रज्ञांना सहा खाटा सांभाळायच्या असतात. मी उजवा हात पुढे केला. मनीषाने तो बाजूला सारला, स्टूल ओढून बसली आणि स्वतःचा अंगठा त्या घडीवर दाबून धरला.

पलीकडून गोपाळरावांनी पाहिले आणि डोळे मिटून घेतले. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटे झाली. तिने घडी उचलून पाहिली.

“थांबलं,” ती म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.